मात्रा

सेशन कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं मशीन,
झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली.
त्याची एक खोड:
मात्रेची कळ दाबली की गाडा जागचा हलत नाही.
आधी कोऱ्या जागेवर मात्रा मारायची,
मग तिच्याखाली अक्षर आणून उभं करायचं.

सिसिलिया तुस्कानो, नायगावची, सुकी मासळी विकते.
नवऱ्याचं नाव विचारलं तर कागद पुढे केले.
पंचनाम्यात ओनेका. निकालात ओनिका.
मुदत संपलेल्या पासपोर्टात तिसरंच.
"खरं कुठलं घालू?"
"घरात ओनू म्हणतो आम्ही."

अडीच ग्रॅम.
दोनपर्यंत अल्प मात्रा.
वर एक फुंकरभर, की पोटकलम बदलतं.
"पुडीसकट तोललं हो," ती म्हणाली,
"मी जवळा देते तेव्हा कागद वजा धरते."

हे अर्जात घालता येत नाही.
अपिलाची मुदत गेली.
वकील म्हणाला होता, कबूल कर,
आत काढलेले दिवस धरतील, सुटशील.
कबूल केलं. सुटला.
तुरुंगाच्या दारातच दुसरी गाडी उभी होती.

आता जिथे ठेवलाय, तिथे ग्रॅम विचारत नाहीत.
शिक्षा झाली? होय / नाही.
एवढाच रकाना, बोटभर रुंद.
तिने लग्नाचा दाखला जोडला,
पोराचा जन्मदाखला, पालिकेच्या जांभळ्या शिक्क्याचा,
फादरचं पत्र,
आणि का कोण जाणे, नळाचं बिलसुद्धा.
साहेब वाईट नव्हता.
सगळे कागद एकसारखे ठोकून, टाचणी मारून,
त्याने परत दिले.

तीन अर्ज झाले. हा चौथा.
कुठलीच मात्रा लागू पडत नाही,
असं मी म्हणणार होतो. नाही म्हणालो.

एबुका तिसरीत आहे, मराठी शाळेत.
स्टुलावर गुडघे टेकून तो मशीनमध्ये डोकावला.
"चुकलं काका.
न अर्धा. मग य. वर एक मात्रा."
मी कागद काढला, नवा चढवला.
ओ. अर्धा न.
मग मात्रा मारली.
गाडा थांबला.
कोऱ्या जागेवर ती एकटी तिरपी रेघ,
आणि पोरगं खाली काय येतंय
ते श्वास धरून बघत होतं.

पानाचे तीस रुपये.
सिसिलियाने बत्तीस मोजले.
"दोन कसले?"
"वाया गेला ना एक," ती म्हणाली,
"कागदाचे."