कलम सात, उपकलम तीन

मे महिना. सिव्हिल लाइन्समधलं ऑफिस.
कूलर अर्ध्या टेबलाला वाळ्याचा वास देतो,
उरलेलं अर्धं सत्तेचाळीस अंशांना.
मी लिहितेय : जमिनीखाली पाचशे मीटर,
ग्रॅनाइटात, तांब्याच्या नळकांड्यांत,
भोवती चिकणमाती, ओली झाली की फुगणारी,
आपली भेग आपणच बुजवणारी.
लिहितेय : दहा लाख वर्षं.
आणि उठून माठातलं पाणी पिऊन येते.

परवाना मंडळाचे एक्केचाळीस प्रश्न आलेत.
खरं तर एकच, एक्केचाळीस वेळा :
हे तुम्हांला कशावरून माहीत?

अंबुलकर सरांची पेन्सिल ‘निश्चितच’वर आडवी फिरते.
‘निश्चित’ देवळात म्हणा, इथे
जेवढं दिसलं तेवढंच. आणि काय दिसलं नाही, तेही.

सेमिनरी हिल्सच्या गोदामात
खडकाचे नळे खोक्यांत निजलेत, मुळ्यांच्या जुड्यांसारखे.
एकात केसाएवढी तडा, पांढऱ्या कॅल्साइटनं भरलेली.
तडकला, पाणी आलं, पांढरं ठेवून गेलं,
त्याला दीडशे कोटी वर्षं झाली. त्यानंतर कुणी आलेलं नाही.
माझ्याकडची सगळ्यात भरवशाची साक्षीदार
ही भेगच.

वर खूण काय ठेवायची, हा प्रश्न सव्विसावा.
इथला झिरो माइलचा दगड परवाचा,
आणि तो नक्की काय मोजायचा
यावर पानठेल्यावर आजही वाद पेटतो.

सुकलू मडावी बोअर मारतो, तीस वर्षं.
खोकी उचलता उचलता विचारलं त्याने, काय लिहिता मॅडम?
सांगितलं. त्याने दुपट्ट्याने मान पुसली.
‘पानी लागलं नाई तर मी कुठंबी खनतो, मॅडम.
पाचशे काय, हजार. तवा मले कोन सांगन
का खाली काय हाय?’

चार दिवस मॉडेलं चालवली.
भूकंप, हिमयुग, नदीनं पात्र बदलणं,
सगळ्यांना आकडे मिळाले.
पाचव्या दिवशी ७.३.४ मध्ये टाकलं :
कोणीतरी येईल. तो तहानलेला असेल.
त्याला वाचता येतं, असं गृहीत धरू नये.

सरांनी पेन्सिल उचलली. बराच वेळ
काहीच खोडलं नाही.
मग ‘तहानलेला’खाली बारीक रेघ,
समासात : संदर्भ द्या.

दिला.
२१२. मडावी, सुकलू. तोंडी माहिती.
गोदामाच्या दारात, सावली होती तिथे.