घडी घातलेली फांदी

शिकलगार एकतीसला रिटायर होणार,
म्हणून देवसाहेब म्हणाले,
त्यांच्या डोक्यातलं सगळं काढून घ्या.
जणू डोकं म्हणजे जेवणाचा डबा,
घरी न्यायच्या आधी रिकामा करून विसळायचा.

मग मी, लॅपटॉप आणि दस्तगीर शिकलगार,
हडपसर इंडस्ट्रियल इस्टेट, शेडमागची केबिन,
तीन आठवडे, रोज चार ते साडेपाच.
गुरुवार सोडून. गुरुवारी लाइट नाही, कंपनी बंद.

स्क्रीनच्या मधोमध मी एक गोळा काढला:
ग्राइंडिंग विभाग.
त्यातून फांद्या. मशीन, माल, माणसं, पुरवठादार, चुका.
रंग सॉफ्टवेअर आपणहून देतं.
चुकांना त्यानं पोपटी दिला.
शिकलगार चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
झाड म्हणता, मग मूळ कुठाय?
मी म्हटलं, मधोमध.
मधोमध असतो तो बुंधा, मॅडम.

पहिला आठवडा बरा गेला.
कूलंट कुणाकडचं, व्हील कधी ड्रेस करायचं,
भोसरीचा कोणता माणूस फोन उचलतो
आणि कोणाच्या दारातच जाऊन बसावं लागतं.
रात्री वानवडीला घरी आले की
ओटासुद्धा फांद्याफांद्यांचा दिसायचा:
गॅस, त्यातून दूध, दुधातून उद्या.

सात नंबरवर अडलो.
थंडीत सकाळचे पहिले दहा पीस धरायचे नाहीत.
दहाच का?
कधी आठ. कधी चौदा.
मग कळतं कशावरून?
आवाजावरून.
मी चौकटीत लिहिलं, आवाज.
चौकट काही बोलेना.
फोनवर रेकॉर्ड करून तिथं जोडला, सव्वीस सेकंद.
त्यात कंप्रेसर, कुणाची तरी शिंक,
आणि शिकलगारांचं, हां, आता.
ते आता नेमकं कशावर पडलं,
मी अजून ऐकतेय.

अठ्ठावीस तारखेला ते स्वतःच म्हणाले,
पोपटीवर या.
खुर्चीच्या कडेवर बसले होते.
लिहा: विलास ढमढेरे. मार्च महिना. डाव्या हाताची दोन बोटं.
कशाला जोडू? मशीनला?
मशीन बरोबर होतं.
माणसांना?
पोरगा पण बरोबर होता.
मग?
सलग दोन पाळ्या. चिठ्ठीवर सही माझी.
कुठं जोडायचं ते तुम्ही बघा,
तुम्हाला येतं ना ते.

मला येत नव्हतं.
माउसच्या टोकाशी धरून ती चौकट मी स्क्रीनभर फिरवली.
जिथं न्यावी तिथं फांद्या हलून जागा करत होत्या,
पंगतीत उशिरा आलेल्याला करतात तशी.
कुठंच टेकवेना हात.
कशालाच न जोडलेल्या चौकटीला
सॉफ्टवेअर तरंगता विषय म्हणतं.
शिकलगारांनी ते शब्द दोनदा वाचले
आणि चष्मा पुसायला घेतला.

एकतीसला नारळ, शाल, समोसे.
देवसाहेब म्हणाले, भाषण छान झालं.
मग मला बाजूला घेऊन:
नकाशा ए-थ्रीवर बसवा, भिंतीवर लावू.
आणि ते बोटांचं,
म्हणजे, बघा तुम्ही.

मी बघितलं.
काढलं नाही.
माणसं, त्याखाली पाळ्या, त्याखाली विलास ढमढेरे,
आणि फांदी मिटून टाकली.
सॉफ्टवेअर मिटलेल्या फांदीच्या टोकाशी
बारकं वर्तुळ ठेवतं, आत आकडा.
प्रिंटमध्येही तो आला.

आता सात नंबरवर सुमेध असतो.
थंडीत पहिले वीस पीस सरसकट बाजूला काढतो,
हिशेबाला सोपं.
परवा हातात चहा, भिंतीपुढे उभा:
मॅडम, पाळ्यांच्या पुढं हे एक काय आहे?
आणि बोटानं त्या वर्तुळावर
दाबून बघत होता.
म्हटलं, कागदावर नाही उघडत ते.
वर ये. फाइल दाखवते.