दोन ग्लायसीननंतर

कोल्ड रूमचं दार जड आहे, खांद्यानं ढकलावं लागतं.
आत चार अंश.
बाहेर विद्यापीठाच्या माळावर
एक मोर अवेळी ओरडतोय.
नळीत माझं प्रथिन,
डोक्यावर अजून सुमो बसलेला.

नाव ऐकून आबा हसले होते.
"म्हंजे त्ये जपानी पैलवान? खासबागेत आणा की एकदा."
तसलं नाही, आबा. हा एवढासा,
शंभरेक मण्यांची गुंडाळी,
पण ज्याच्या डोक्याशी जोडावा
त्याला पाण्यात तारतो, त्याची घडी नीट बसवतो.
त्याच्याशिवाय माझं प्रथिन तीन वेळा
तळाशी गाळ होऊन बसलं होतं,
तुमच्या खळीच्या भांड्यात उरतो तसा.

"आन् काम झाल्यावर?"
काम झालं की कापायचा.

आबांची रापी थांबली.
सुभाषनगरातल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत
भिजल्या कातड्याचा, बाभळीच्या सालीचा वास.
चपलेच्या कानाची जागा ते खडूनं आखत नाहीत,
नजरेनं जोखतात.
रापी एकदाच चालते.

माझीपण तशीच आहे, म्हणालो मी.
(आमच्यात पोरी 'म्हणालो'च म्हणतात.
पुण्याच्या परिषदेत एक बाई त्यावर फार हसल्या,
मग विचारलं, आडनाव काय,
मग विचारलं, म्हणजे नेमके कुठले,
मग काही विचारलं नाही.)

यीस्टचं विकर आहे,
बेकरीत पाव फुगवतं त्या यीस्टचं,
जिवाणूंच्या पोटात वाढवलेलं, मीच, चार लिटर.
बाकीच्या कात्र्या अक्षरं वाचून कापतात.
तीच चार-पाच अक्षरं मालात मधेच कुठं दिसली
तर तिथंही कापतात, सगळं वाया.
हे अक्षरं वाचत बसत नाही.
सुमोची अख्खी घडण चाचपतं,
वस्ताद अंधारात पाठीवर हात ठेवून
पठ्ठ्या कुठल्या तालमीचा ते सांगतो तसं,
आणि दोन ग्लायसीननंतर,
नेमकं तिथंच.
पुढच्याला मागचं एक अक्षर चिकटून राहत नाही.

पहाटे जेल रंगवला.
एका जाड निळ्या पट्टीच्या दोन झाल्या होत्या.
सगळं निकेलच्या स्तंभातून सोडलं.
सुमो अडकला.
विकरही अडकलं. त्याच्याही अंगाला
सहा हिस्टिडीनांची चिठ्ठी आहे, मीच लावलेली,
नाहीतर त्याला वेगळं कसं काढणार?
कापणारं चिठ्ठीसकट वरच चिकटून
आणि माझं प्रथिन खालून थेंब थेंब,
कसलाच रंग नसलेलं.

दुपारी फोन केला. झालं आबा, सुटलं.
"आन् त्यो पैलवान? टाकलास?"
इमिडाझोल घातलं की सुटतो. मग बहुतेक बेसिनातच जातो.
पलीकडं जरा वेळ नुसती हातोडी.
"ठेव की वाईच."

कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
एक नळी भरली, तारीख टाकली.
नावाची आद्याक्षरं पुरतात, इंगवले मॅडमचा नियम आहे,
मी आडनाव सबंध लिहिलं.
मार्करची शाई ओली होती,
उणे ऐंशीच्या कप्प्यात ठेवेपर्यंत
शेवटचं अक्षर अंगठ्याला लागलं.