कसं, ते घाल

दिघ्यात पिठाच्या गिरणीवर माझी शिकवणी.
खाली जातं सुरू झालं की बाकं थरथरतात,
टेबलावरचा खडू आपोआप कडेकडे सरकतो.
आज क्रियाविशेषणं. संकटाची चाहूल देणारी.

फळ्यावर मी लिहून दिलं
ऑमिनसली, मेनेसिंगली, ईअरिली.
शेपटीला एल वाय, विसरायचं नाही.
मराठीत काय म्हणायचं, टीचर? नबीलनं विचारलं
आणि मी अडले.
आमच्याकडे पाल चुकचुकते,
टिटवी छपरावरून ओरडत जाते,
भाजी चिरता चिरता हात थांबतो
आणि आपण म्हणतो, काही नाही गं.
गाईडात होतं, अशुभसूचकपणे.
मी ते वाचून दाखवलं नाही.

वाक्यं करा, म्हटलं.
कुत्रं ऑमिनसली भुंकलं. दार ऑमिनसली वाजलं.
नबीलचे मामा ऑमिनसली जेवायला आले.
वर्ग हसला, मीही हसले.

रेणुका धोत्रेची वही सगळ्यात शेवटी.
द हिल इज स्टँडिंग.
एवढंच.
अगं, कसा उभा आहे? कसं, ते घाल.

तिनं पेन्सिल चावली.
सुरुंगाच्या आधी आजोबा शिट्टी मारायचे, टीचर.
तीनदा. लाल फडकं हलवायचे.
लोक बाजूला व्हायचे.
आता खाण बंद.
शिट्टी कुठं गेली कोणाला माहीत नाही.
आमच्या मागच्या भिंतीला पोट आलंय,
आई त्याच्यावर गोधड्या वाळत घालते.

खालचं दळण संपलं.
खडू जागच्या जागी राहिला.
तिनं वाकून, दोन शब्दांच्या फटीत,
एक शब्द बसवला, बिनशेपटीचा,
माझ्या यादीत नसलेला.
द हिल इज स्टिल स्टँडिंग.

मी विचारलं होतं कसा.
तिनं लिहिलं, अजून.

लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
खिडकीत पारसिकच्या अंगावर दिवे लागत होते,
खालून वर, जिथवर घरं चढलीत तिथवर.
टाकीच्या डावीकडचा आमचा, ती म्हणाली,
आणि दप्तर पाठीला लावून
दोन दोन पायऱ्या उतरत निघालीसुद्धा.

नीट जा गं, मी वरून ओरडले.
रोजच ओरडते.