वाचून दाखवले

आमच्या घराण्याचा धंदाच वाचून दाखवण्याचा.
आजोबा दांडिया बाजारात, रामाच्या देवळात पुराण सांगत.
श्लोक संस्कृत, अर्थ मराठी,
आणि उलट्या पदराच्या गुजराती बायकाही डोळे पुसत.
मी कोठी कचेरीत. भूसंपादन शाखा, तिसरं टेबल.
पुराणिकभाई.

आज ऊर्वी परीक्षेचं वाचत होती, मोठ्याने,
पाय खुर्चीवर घेऊन.
पाचशे वर्षांपूर्वी स्पेनच्या राजाची माणसं
समुद्र ओलांडून परक्या किनाऱ्याला लागत,
आणि तलवार उपसण्याआधी एक कागद वाचत.
‘आजोबा, ऐका ना, स्पॅनिशमध्ये वाचायचे!’
किनाऱ्यावर कुणी नसलं तरी.
कधी जहाजावरूनच.
कधी रात्री, गाव कोसभर लांब असताना,
झाडांना.
कागदात असे: थोर धर्मगुरूंनी ही भूमी आमच्या राजाला दिली आहे.
मान्य करा. विचाराला हवा तेवढा वेळ घ्या.
न कराल, तर बायकामुलांसकट गुलाम करू,
आणि जे मरतील त्यांचा दोष त्यांच्याच माथी,
आमच्या नाही.
सोबत कारकून असे.
तो खाली लिहून देई: वाचून दाखवले.

ती हसली. ‘काय येडे लोक ना?’
माझी खारी चहात बुडून तळाला गेली होती.

ब्याऐंशी साल, की त्र्याऐंशी.
नसवाडीच्या पुढे जीप थांबली, कारण पुढे रस्ता नव्हता.
तलाटी रजेवर. बरोबर मगन पट्टेवाला,
त्याच्या हातात खळीचा डबा.
गावात कुणी नाही.
हाटाला गेले असतील,
नाहीतर जीपचा आवाज ऐकून डोंगरावर.
एक म्हातारी होती, अंगणात मोहाची फुलं पसरत.
धनकी, रेवजीची बायको. हे नंतर रकान्यात लिहिलं.
मी उभा राहिलो, घसा साफ केला
आणि मराठीत विचार करणारा मी
सरकारी गुजरातीत
राठवी बोलणाऱ्या बाईला
वाचू लागलो:
कलम चार, पोटकलम एक, सार्वजनिक हेतू,
हरकत असल्यास तीस दिवसांत, लेखी,
वडोदरा मुक्कामी.
मध्येच उठून तिने कोंबडी हाकलली.
मी थांबलो.
मग पुन्हा ‘सार्वजनिक हेतू’पासून सुरुवात केली.
आवाज चांगला आहे माझा. आजोबांचा आलाय.

संपल्यावर तिने पाणी दिलं, पितळेच्या लोट्यातून.
काहीतरी विचारलं.
मी मगनकडे पाहिलं.
‘साहेब, ती विचारते, कोण गेलं?’
तिच्याकडे कागद घेऊन येणारा माणूस
आजवर मरणाचंच सांगायला आला होता.
मी हसलो.
पंचनाम्यात हे नाही, म्हणून इथे लिहितो:
मी हसलो.

दाराला चिकटवायचा नियम. दार नव्हतं, बांबूचा तट्टा होता.
मोहाच्या बुंध्याला लावला. साल खडबडीत,
तीनदा खळी लावली.
एक अंगठा तिचा, एक ड्रायव्हरचा.
खाली माझ्या वळणदार अक्षरात:
वांची संभळाव्युं छे, समजी गया छे, खरुं छे.
परतताना बोडेलीला आम्ही भजी खाल्ली.
गरम होती, चांगली होती.

आता तिथे पाणी आहे.
मोहाचा शेंडाही दिसत नाही म्हणतात.
मी पाहायला गेलो नाही.
पेन्शन एक तारखेला येते.

‘पण कुणी ऐकतच नव्हतं, तर वाचायचे कुणाला?’
ऊर्वीने पेन्सिलीचं टोक चावत विचारलं.
‘फायलीला,’ मी म्हणालो.
‘म्हणजे?’
मी कपबशी उचलून मोरीत ठेवली,
नळ उगाच जास्त वेळ सोडला.

परत आलो तर तिने पुस्तक माझ्या हातात दिलं.
‘पुढचं तुम्ही वाचा. मी डोळे मिटून ऐकते,
तसं माझ्या लक्षात राहतं.’
चष्मा लावला. घसा साफ केला.
तोंड उघडलं,
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
मान वर करून पाहिलं
समोर कुणी आहे का.