टिंब

सकाळी साडेसहाला शिवाजी मार्केटात
मुनाफ कुरेशी माझा थर्मास बर्फानं भरतो.
बर्फावर बोकडाचे बारा डोळे.
‘डॉक्टर हुई क्या?’
अजून नाही, म्हटलं की दोन जास्तीचे घालतो.

पाषाणपर्यंत थर्मास मांडीवर.
शेजारची बाई विचारते, डबा का?
मी हो म्हणते.

प्रयोगशाळेत चिरून काढलेलं भिंग
भिजल्या पावट्याएवढं.
कालच्या वर्तमानपत्रावर ठेवलं
की त्याच्याखालचं एक अक्षर मोठं होतं.
हे माझ्या कामात बसत नाही,
पण रोज करते.

बाबांना ते अक्षरही आता लागत नाही.
एकोणचाळीस वर्षं अप्पा बळवंत चौकामागच्या छापखान्यात
डोळ्यात तेल घालून त्यांनी
दुसऱ्यांच्या चुका वाचल्या.
लोणच्याच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा जेवता जेवता सुधारायचे.
टिळक रोडवरच्या दवाखान्याच्या पाटीवर
‘मोतीबिंदु’ असं ऱ्हस्व लिहिलंय,
ते त्यांना दिसलं नाही.
मी सांगितलं नाही.

रात्री म्हणाले, तू नेमकं काय वाचतेस तिथं?
मी म्हटलं, पेशीत एक जुळारी असतो.
तीन-तीन अक्षरांचा शब्द वाचायचा, एक खिळा लावायचा,
तीन अक्षरं, एक खिळा.
यूजीए आलं की काम संपलं. तो पूर्णविराम.
पण पंचवीस प्रथिनं अशी आहेत
की त्यांच्यात तो टिंबापाशी थांबत नाही;
तिथं सेलेनियमवाला खिळा बसवतो
आणि पुढे जातो.

‘त्याला सांगतं कोण?’

मजकूर संपल्यावर, खूप खाली,
एक तळटीप असते, स्वतःवरच मुडपलेली:
वरचा पूर्णविराम पूर्णविराम समजू नये.

बाबा बराच वेळ गप्प.
‘खूण समासात हवी. तळाशी कोण बघतं?’

मग त्या प्रथिनाचं काम सांगितलं.
उजेड येतो तिथं थोडं जळतंही,
त्या जळण्यातून पेरॉक्साइड साठतं,
हे त्याचं पाणी करतं. साधं पाणी.
दिवसभर, कुणी न बघता.
आणि भिंगाच्या गाभ्यातल्या पेशी
तुम्ही आजीच्या पोटात होतात तेव्हाच्या, त्याच.
तिथले खिळे वितळवून नवे पाडता येत नाहीत.

‘मग मी सेलेनियमच्या गोळ्या घेऊ?’
नको. मंगळवारी ऑपरेशन आहे.

एक सांगितलं नाही.
आमच्या वरच्या मजल्यावर उंदरांच्या पिल्लांना,
डोळे उघडायच्या आत,
हेच सेलेनियम प्रमाणाबाहेर टोचतात.
पापण्या सुटतात तेव्हा
आत दूध सांडल्यासारखं पांढरं.
त्यांच्या पिंजऱ्यांवर तारखा मीच लिहिते.

नावाचा अर्थ मात्र विचारलाच त्यांनी.
ग्रीक आहे, म्हटलं. चंद्र.
ते हसले. त्या दिवशी संकष्टी होती,
गच्चीवर त्यांना तीन चंद्र दिसत होते,
एकाच डोळ्यानं तीन.
आईनं विचारलं, नैवेद्य कुठल्याला?
‘मधल्याला,’ म्हणाले. ‘बाकीचे दोन छपाईतले दोष.’

मंगळवार झाला. बुधवारी पट्टी काढली.
बाहेर पाटीखाली ते थांबले, मान वर करून.
मला वाटलं, आता म्हणतील.
म्हणाले, ‘पांढरा एवढा पांढरा असतो होय?’
आणि रिक्षाला हात केला.

मी मागे राहिले.
काउंटरवरच्या मुलीला विचारलं,
काढलेलं भिंग कुठं ठेवतात?
ठेवत नाहीत मॅडम, ती म्हणाली,
आतल्या आत फोडून, पाण्याबरोबर ओढून घेतात.

पंचाहत्तर वर्षांचं होतं.
मला ते एकदा
कालच्या वर्तमानपत्रावर ठेवून बघायचं होतं.