खात्याचा माणूस

लेकीनं तिकीट काढलं म्हणून गेलो.
नाहीतर मत्स्यखात्यात तीस वर्षं
काटा धरलेल्या माणसाला
मासे बघायला अलास्काला कोण धाडतंय?

चौघांचं विमान. चाकांच्या जागी होड्या बांधलेल्या.
चालवणारी पोरगी आमच्या शालनहून लहान.
तिनं आधी वजन विचारलं, सगळ्यांदेखत,
मग खिसे रिकामे करायला लावले.
वासाचं काही जवळ नको, म्हणाली.
मी कारळाच्या चटणीची पुडी काढून दिली.
ती तिनं लोखंडी पेटीत ठेवली
आणि पेटीला कडी घातली, दोनदा.

हे मी सांगत होतो पैठणला,
धरणाच्या खालच्या अंगाला, भिवसनच्या टपरीमागं,
जिथं भोयांची पोरं
थर्माकोलचे तराफे पालथे घालून जाळी निवडत बसतात.

"अस्वल केवढं?"
"ॲपे रिक्षाएवढं."
"अन् मासा?"
"पाच-सहा किलोचा. साल्मन म्हणतात. आतून टरबुजासारखा लाल."
"जाळं?"
"जाळं नाही. धबधब्याच्या माथ्यावर उभं राहायचं,
तोंड उघडं ठेवायचं. मासा उडी मारून येतो."
कचरू खदाखदा हसला.
"म्हंजी ठेकेदारावानी."

"पोट भरलं की नुसती गाभोळी खातं," मी म्हणालो,
"बाकीचा मासा टाकून देतं."
"माजलं म्हना."
"तसं नाही. मागं गरुड असतात, कोल्हे असतात.
उरलेलं झाडं खातात."
"झाडं?"
"पोरगी सांगत होती."
झाडांचं कुणालाच खोटं वाटलं नाही.
गोदावरीकाठच्या माणसाला ते वाटायचं नाही.

गयाबाई मरळ साफ करत होती.
मान वर न करता म्हणाली,
"पर ती मासळी उलटी कामून चढती, सायेब?"
"जिथं जन्मली, तिथंच अंडी घालायची असतात तिला."
"मंग?"
"मग मरते."
तिनं खवल्यांचा हात लुगड्याला पुसला.
तिचं माहेर सत्तावीस दरवाजांच्या पल्याड;
एखाद्या कोरड्या मे महिन्यात
वेशीचे दोन दगड वर येतात, तेवढंच.
"अन् वाटंत धरन लागलं तर?"

मी खात्याचा माणूस.
मी चहा सांगितला.

एक त्यांना सांगितलं नाही.

विहामांडव्याला आमच्या दारात दरवेशी यायचा.
मी सहा वर्षांचा, रात्री दचकून उठणारा.
आईनं दहा पैसे दिले.
त्यानं मला अस्वलाच्या पाठीवर बसवलं,
त्याच पाठीचा एक केस उपटला,
तांब्याच्या ताईतात घालून
माझ्या गळ्यात बांधला. भीती जाईल, म्हणाला.
अस्वल ओरडलं नाही.
नुसतं या पायावरून त्या पायावर झालं.
दोरी ओवलेल्या भोकाशी
माशा बसल्या होत्या, आणि त्या हाकलायला
त्याला मान हलवता येत नव्हती.

तिथं नदीत सगळे फोटो काढत होते.
पंजे बघत होते, उडणारा मासा बघत होते.
मी नाक बघत होतो.
वीस पावलांवर.
काळं, ओलं, अख्खं.
त्याच्यावर एक खवला चिकटला होता.
ते शिंकलं आणि खवला उडाला.

परत निघताना पोरीनं पुडी हातावर ठेवली.
विमान पाण्यावरून उठलं तेव्हा
माझा हात गळ्याशी होता.
ताईत तर मॅट्रिकच्या आधीच
कुठल्याशा विहिरीत पडला.

चहा आला. गयाबाईनं घेतला नाही.
तिकडं कचरूनं तराफा पाण्यात ढकलला,
वर उभा राहिला, दोन्ही हात कमरेवर,
आणि आकाशाकडं आ वासला.
पोरं लोळायला लागली हसून.
एक कटला खरंच उडाला हो,
लांब, भलतीकडं.